पाचशे किलोमीटर, सावकाश

ओस्मो कार्पिनेन माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतो, आधी त्याच्या गाडीच्या टायरकडे. लग्न असो की मयत, चर्चच्या आवारात गाडी लागली की हा खाली वाकलाच. टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून बघतो आणि मग उठून हात मिळवतो. एकदा एका अंत्यविधीनंतर त्याने पाद्रीबाईंना दारातच सांगितलं होतं की प्रवचन छान झालं, पण पुढचा डावा टायर आता बदलायला हवा. गावात याचं कुणाला काही वाटत नाही. पाद्रीबाईंनी दुसऱ्याच दिवशी टायर बदलला.

गावाबाहेर जो बंद पडलेला पेट्रोल पंप आहे, तेच त्याचं दुकान. उंच, वाळका माणूस, ही गोष्ट घडली तेव्हा वय एकाहत्तर. डाव्या खुब्याचं ऑपरेशन करायचं राहिलं आहे, कारण ते तो 'टायरचा हंगाम संपला की' करणार आहे आणि हिवाळी-उन्हाळी टायर बदलायचा हंगाम वर्षातून दोनदा येतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. दुकानात कॉफीचं भांडं सकाळी चढतं ते संध्याकाळपर्यंत तसंच. चौथ्या कपाला ती कॉफी राहत नाही, डांबर होतं, पण नको म्हटलेलं त्याला चालत नाही.

आधी तो कयानी शहरातल्या एका मोठ्या दुकानात बावीस वर्षं होता. तिथे दर सोमवारी मालक यादी द्यायचा, की या आठवड्यात अमुक टायर संपवायचे. ओस्मो यादी खिशात ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला विचारायचा, रोज कुठून कुठे जातोस. ऐकून घेऊन निम्म्या लोकांना सांगायचा की तुझे टायर अजून एक हिवाळा काढतील, घरी जा. एक दिवस मालक म्हणाला, तुला पगार टायर विकायचा मिळतो, वाचवायचा नाही. ओस्मोने एप्रन काढला, घडी करून मालकाच्या टेबलावर ठेवला आणि बसने गावी आला. या माणसाबद्दल मला जे वाटतं ते मी इतक्या वर्षांत त्याच्या तोंडावर कधी बोलू शकले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी मार्युत. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन औषधपाणी बघणारी परिचारिका. गाडी माझी स्वतःची, कामावरून किलोमीटरमागे भत्ता मिळतो. दिवसाला नव्वद किलोमीटर, बहुतेक मोठा डांबरी रस्ता. कुणाकडे किती मिनिटं थांबायचं ते मोबाईल सांगतो, आणि दोन घरांच्या मधला रस्ता तो उन्हाळा धरूनच मोजतो. त्यामुळे मी कायम घाईत असते. पहिल्यांदा ओस्मोकडे गेले तेव्हा पुढचे टायर बघून तो म्हणाला होता, "दोन्ही कडा खाल्ल्यास. चर्चच्या वळणाला ब्रेक उशिरा मारतेस." मी चर्चच्या वळणाला ब्रेक उशिराच मारते.

तीन वर्षांपूर्वीच्या शरदात माझे हिवाळी टायर संपले. ओस्मोकडे जायचं सोडून मी इंटरनेटवर बसले. तिथे चार नवे टायर इथल्या निम्म्या किमतीत मिळत होते. बाजूवर डोंगर आणि हिमकणाची खूण होती, म्हणजे कायद्याने हिवाळी. बर्फात रुतायला रबरात बसवतात ते लोखंडी खिळे नाहीत, म्हणजे आवाज कमी, पेट्रोल कमी. कुणा जर्मन गृहस्थाने पाच चांदण्या देऊन लिहिलं होतं की बर्फात गाडी रुळावरून चालल्यासारखी चालते. मी स्वतःला फार हुशार समजून ते मागवले, शहरात जाऊन रिमवर चढवून घेतले आणि घरच्या अंगणात जॅक लावून स्वतःच बसवले. ओस्मोला कळू नये म्हणून किराणा दुकानाशी गाडी मागच्या बाजूला लावू लागले. हे सांगताना आजही माझे कान तापतात.

हिमखूण सगळीकडे सारखीच असते, रबर सारखं नसतं, हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. जर्मनीकडचा हिवाळा म्हणजे ओला रस्ता आणि अधूनमधून चिखलासारखा बर्फ. त्यासाठी केलेलं रबर आमच्या थंडीत कडक होतं. तरी दरवर्षी गावातला एक तरी शहाणा हे करतोच आणि त्या वर्षी तो मान माझा होता.

मोठ्या रस्त्यावर सगळं ठीक चाललं. घात झाला तो कोर्पिवारावर. कोर्पिवारा ही टेकडी. वर एकच घर, लेम्पीचं. लेम्पी शहाऐंशीची, मधुमेहाची, आणि तिला रोज सकाळी इन्सुलिन टोचायचं. डोळे अंधूक झालेत, स्वतःचं स्वतः टोचणं जमत नाही. बाकी सगळं जमतं. जवाच्या पिठाची भाकरी भाजते, रेडिओ ऐकते, खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवते. येणारी-जाणारी मी एकटीच, त्यामुळे माझ्यावर फार लक्ष. माझी टोपी तिला आवडत नाही आणि मी लग्न केलेल्या माणसाबद्दलही तिचं मत तेवढंच आहे.

वर जायला सहाशे मीटरची चढण, दोन्हीकडे दाट झाडी, ऊन कधी पोचत नाही. नोव्हेंबरात तिथे बर्फ वितळतो, परत गोठतो, आणि रस्त्याची काच होते. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीनदा गाडी वर पोचली नाही. तिसऱ्या वळणाला चाकं जागच्या जागी फिरायची आणि गाडी मागे घसरत खाली यायची. मग पायाला खिळ्यांचे पट्टे बांधून मी चालत वर जायची. लेम्पीला इन्सुलिन मिळालं, पण पुढच्या घरी मी पाऊण तास उशिरा. तिथे एक आजोबा गोळ्यांची वाट बघत बसलेले.

मेर्वी ही माझी वरिष्ठ. वाईट बाई नाही, चाळीस घरांची जबाबदारी तिच्या डोक्यावर आहे. तिने फोन केला. म्हणाली, पुढच्या गुरुवारी ती स्वतः माझ्या गाडीतून लेम्पीकडे येणार. त्या दिवशी गाडी वर गेली तर ठीक. नाही गेली तर लेम्पीची हिवाळ्यापुरती कयानीच्या वृद्धाश्रमात सोय करायची. हिवाळ्यापुरती गेलेलं आमच्या टापूतलं कुणी उन्हाळ्यात परत आलेलं मी पाहिलेलं नाही. मेर्वीनेही नसावं, कारण ते वाक्य तिने फार भराभर म्हटलं.

लेम्पीला मला सांगावंच लागलं. तिने भाकरीचा तुकडा मोडून लोणी लावून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "खा, आज तुला पळत जायचंय."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, मी किराणा दुकानामागून गाडी काढत होते तर ओस्मो समोर उभा. लंगडत सगळ्या इमारतीला वळसा घालून आला होता.

"पुढच्या अंगणात ताज्या बर्फावर टायरची नक्षी पाहिली," तो म्हणाला. "म्हटलं, आपल्या गावातली नाही ही. पाहुणा कोण आलाय?"

माझ्याने खोटं बोलवेना. टायरची, टेकडीची, लेम्पीची, गुरुवारची, सगळी कथा तिथेच थंडीत उभं राहून सांगितली, आणि शेवटी मला रडूही आलं. त्याने ऐकून घेतलं. माझ्या चुकीबद्दल एक अक्षर बोलला नाही. फक्त वाकून टायरवर नख दाबलं, मग मला दाबायला लावलं. दगडावर दाबल्यासारखं. नखाची रेघही उठली नाही. "चल दुकानात," म्हणाला.

दुकानाबाहेर आठ गाड्या रांगेत होत्या. पहिली थंडी पडली की सगळ्या गावाला एकाच दिवशी हिवाळी टायर आठवतात. ओस्मोने मला रांगेतून पुढे घेतलं आणि एक जण कुरकुरला तेव्हा त्याला शांतपणे म्हणाला की तुझं घर सपाटीवर आहे, तू बस.

टायर निवडायची त्याची पद्धत ठरलेली आहे. किंमत तो शेवटी बोलतो. वर्षाला किती फिरतेस, गाडी अजून किती वर्षं ठेवणार आणि रस्त्यातली सगळ्यात वाईट जागा कुठली, एवढंच आधी विचारतो. मी म्हणाले, वर्षाला पंचवीस हजार, गाडी आणखी चार वर्षं तरी, आणि वाईट जागा कोर्पिवाराचं तिसरं वळण.

"मग वळणासाठी घ्यायचे," तो म्हणाला. "नव्वद किलोमीटर कुठलाही टायर जाईल. तुझं सगळं काम त्या चाळीस मीटरमध्ये अडकलंय."

त्याने तीन टायर माझ्यासमोर उभे केले. एक बिनखिळ्यांचा, पण इथल्या थंडीसाठी केलेला. त्यात नख लोण्यात जावं तसं गेलं. डांबरावर शांत, सुक्या बर्फावर छान, पण ओल्या काचेवर त्याचं काही चालत नाही, आणि रबर मऊ म्हणून माझ्या घाईत दोन हिवाळ्यांत संपणार. दुसरा परदेशी, खिळ्यांचा, स्वस्त. पहिल्या वर्षी चावतो, नंतर दात पडत जातात. तिसरा इथल्याच चांगल्या कारखान्याचा, खिळ्यांचा, पकड उत्तम, टिकाऊ. त्याची किंमत मला झेपणारी नव्हती. आधीच एकदा चार टायरचे पैसे घालवून बसले होते.

ओस्मो डोकं खाजवत मागच्या फळ्यांकडे गेला आणि त्याच कारखान्याचे, पण जुन्या नक्षीचे चार टायर घेऊन आला. नवी नक्षी बाजारात आली की जुनी स्वस्त होते. बाजूवरचे चार आकडे त्याने मला वाचायला लावले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दीड वर्षापूर्वी बनलेले. अंधारात, थंडीत ठेवलेला टायर दीड वर्षात म्हातारा होत नाही, म्हणाला. शिवाय हे माझ्या आधीच्या टायरपेक्षा अरुंद आणि एक माप लहान. रुंद टायर दिसायला ऐटबाज, पण बर्फावर अरुंदच चावतो, आणि लहान माप म्हणजे किंमतही कमी. गाडीच्या कागदात हे माप बसतं का तेही त्याने बघितलं. जुने लोखंडी रिम भंगाराच्या ढिगातून काढून दिले, त्याचे काही घेतले नाहीत. माझे ते जर्मन गृहस्थाचे लाडके टायर त्याने आपल्या ट्रेलरला ठेवून घेतले आणि त्यांची रक्कम वजा केली.

टायर चढवून झाले तेव्हा मला वाटलं, सुटले. तर हा म्हणतो, अजून टेकडीवर न्यायची नाही.

नवे खिळे रबरात नुसते बसवलेले असतात. पहिले पाचशे किलोमीटर गाडी हळू न्यायची, झटका नाही, जोरात ब्रेक नाही, मग रबर खिळ्याला घट्ट धरतं आणि तो वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. पहिल्याच आठवड्यात कुणी चढणीवर चाकं गरगर फिरवली तर खिळे दातांसारखे बाहेर पडतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे मान डोलावतात आणि दुकानाच्या फाटकातून बाहेर पडताच विसरतात.

"गुरुवारपर्यंत पाचशे होतील माझे," मी म्हणाले. "शनिवार-रविवारी मुद्दाम फिरवते, सोमवारपासून रोजचे नव्वद आहेतच."

"तुझे नव्वद नकोत. तू चर्चच्या वळणाला ब्रेक उशिरा मारतेस."

आणि त्याने माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. स्वतःच्या व्हॅनची किल्ली दिली. म्हणाला, सोमवार ते बुधवार तू ही ने, तुझी गाडी मी चालवतो.

ते तीन दिवस मी मोठ्या टायरचं चित्र काढलेल्या, रबराच्या वासाच्या व्हॅनमधून रोग्यांकडे गेले. एका आजोबांनी दार उघडून मला सांगितलं की आमच्याकडे गाडी नाही, चुकून आलात. व्हॅन मागच्या चाकांवर चालणारी आणि पाठ रिकामी, म्हणजे त्या चाकांवर भार नाही, त्यामुळे कोर्पिवारावर तिचा उपयोग नव्हता. ती खाली ठेवून मी चालतच जात होते. आणि ओस्मो माझी छोटी गाडी घेऊन तळ्याला फेरी मारत होता. एक फेरी पंचाऐंशी किलोमीटर, दिवसाला दोन फेऱ्या, ताशी सत्तर. मागे गाड्यांची रांग लागली की बाजूला घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचा. दुकानाच्या दारावर त्याने पुठ्ठा लावला होता: 'खिळे बसवायला गेलोय, तीननंतर या.' वर्षाच्या सगळ्यात गर्दीच्या आठवड्यात. लोक दारावर येऊन परत जात होते, काही जण सरळ शहरात गेले. किराणा दुकानातली बाई मला म्हणाली की असा वेडेपणा तिने जन्मात पाहिला नाही, आणि मग माझ्याकडे ओस्मोसाठी दालचिनीचे पाव दिले. पैसे घेतले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी गाडी परत मिळाली तेव्हा चालकाच्या सीटवर एक उशी दोरीने बांधलेली होती. त्याचा खुबा. माझ्या गाडीत पाय मुडपून बसायला मलाच त्रास होतो, आणि तो तर केवढा उंच. तीन दिवसांत मला हे सुचलंही नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात तो पाना घेऊन चाकांचे बोल्ट परत आवळायला खाली बसला. मला सांगितलं, "दुसऱ्या गिअरमध्ये चढायचं. पायथ्यापासून अंगणापर्यंत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलवायचा नाही. घाबरलीस तरी नाही."

गुरुवारी पहाटेपासून पाऊस. गोठलेल्या रस्त्यावर पाऊस, याहून वाईट आमच्याकडे काही नाही. शाळेच्या बस बंद होत्या. मेर्वी माझ्या शेजारी मांडीवर टॅब घेऊन बसली होती आणि म्हणाली की आज नको हवं तर, पुन्हा कधी येऊ. मला मोह झाला. पण पुन्हा कधी म्हणजे तोपर्यंत लेम्पीने काय करायचं, तेही कुणी सांगत नव्हतं. मी म्हटलं, आजच जाऊ. पायथ्याशी दुसरा गिअर टाकला.

चाकांखालून कुरकुर आवाज येत होता, खिळे बर्फात रुतण्याचा. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्या वळणाला गाडी जराशी हलली, मागचा भाग अर्धा हात बाजूला गेला, आणि माझ्या पायाला जे करावंसं वाटत होतं ते मी त्याला करू दिलं नाही. कुरकुर चालू राहिली. मेर्वीने टॅब बंद केला होता आणि दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरलं होतं. मग झाडी संपली आणि लेम्पीचं अंगण आलं. मेर्वी खाली उतरली आणि पहिल्याच पावलाला सपशेल आपटली. मी तिला उठवलं. टॅबला काही झालं नाही.

स्वयंपाकघरात लेम्पी बाकावर बसली होती. अंगात हिवाळी कोट, डोक्यावर टोपी, पायाशी बॅग. चूल थंड. मी तिला कधी टोपी घालून घरात बसलेली पाहिली नव्हती.

"पाऊस ऐकला पहाटे," ती म्हणाली. "म्हटलं, आज गाडी काही चढत नाही. मग ट्रॅक्टर पाठवतील न्यायला. ट्रॅक्टरवाल्याला कशाला ताटकळत ठेवायचं, आवरून बसले."

मेर्वी दारातच थांबली. तिच्या एका बाजूने पाणी गळत होतं. तिची नजर त्या बॅगेवर होती. मग तिने बूट काढले, चुलीत लाकडं घातली आणि विचारलं, कॉफी कुठल्या डब्यात आहे. कॉफी झाली, इन्सुलिन झालं, तिचे प्रश्न झाले. जाताना ती एवढंच म्हणाली की रस्ता जमतोय, आहे तसंच राहू दे, आणि ती गाडीत जाऊन बसली. लेम्पीने त्या घरात आणखी तीन हिवाळे काढले. ह्या वसंतात, स्वतःच्या बिछान्यात, झोपेत गेली.

त्या गुरुवारी मात्र ती बाकावरच बसून होती. मी बॅग उचलून आतल्या खोलीत नेली. मोबाईल ओरडत होता की माझी मिनिटं संपली. मी तो बंद केला आणि एकेक वस्तू काढून जागेवर लावली. लोकरीचे मोजे, दोन चादरी, नवऱ्याचा फोटो, भाकरी भाजायची उलथणी. उलथणीसुद्धा घेतली होती तिने. स्वयंपाकघरातून लेम्पी म्हणाली, "निळा ब्लाउज हँगरला लाव, नाहीतर चुरगळेल." तिचा कोट काढल्याचा आवाज मला आतून ऐकू आला.

दुपारी ओस्मोकडे गेले. रांग रस्त्यापर्यंत होती. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, आधी गुडघ्यावर बसून चारही टायरवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल, एकेक खिळा चाचपत. मी त्याला वळण सांगितलं, मेर्वी पडली ते सांगितलं. त्यावर तो जरासा हसला. मग मी टोपीचं आणि बॅगेचं सांगितलं. त्याचं बोट टायरवर थांबलं. मी म्हणाले, ओस्मो, तुझे आभार कसे मानू मला कळत नाही. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"बॅग पूर्ण रिकामी केलीस ना?" त्याने विचारलं.

"केली. कपाटावर ठेवून दिली."

"मग झालं," तो म्हणाला आणि टायरला धरून उठला.